‘रिंगा गेल्या’ म्हणणाऱ्याला आधी गेज लावायला सांगा

प्रश्न : आमच्याकडे २००९ची इंडिका व्ही-टू डिझेल आहे, बिनटर्बोची. मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर. गाडी वडिलांची. ते निफाडला राहतात, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये. गाडी दोन्हीकडे फिरते. दिवाळीनंतर सकाळी ती सुरूच होईना झालीय. निफाडच्या अंगणात उभी असली की सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो, मागून पांढरा धूर येतो, मग खडखडत सुरू होते आणि मिनिटभराने शांत होते. माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असली तर दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला होते. दुपारी हात लावला की चालू. एका गॅरेजवाल्याने ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल’ म्हणून ४२ हजार सांगितले. दुसरा म्हणतो पंप-नोझल करा. शिवाय गेल्या मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाटात टेम्परेचरचा काटा वर चढला होता. भाऊ म्हणतो, पंधरा वर्षं उलटलेली गाडी आहे, जप्त व्हायच्या आधी भंगारात द्या. वडील ऐकायला तयार नाहीत. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई,

इंजिन खोलू नका. निदान अजून तरी नको.

तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलात, ती त्या दोघांना सांगितली होती का? निफाडला सात-आठ सेल्फ, नाशिकला दोन-तीन, दुपारी एकच. गाडी तीच, डिझेल तेच, रिंगाही त्याच. बदलते ती फक्त थंडी. निफाडच्या थंडीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकड्यावर आला की पेपरात बातमी येते. तुमच्या सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये त्याच रात्री हवा नक्कीच काही अंश उबदार असते.

आता गॅरेजवाल्याची बाजू. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, दाब धरून ठेवणारी कडी. झिजलेल्या रिंगांचं इंजिनही थंडीत त्रास देतं, हे खरं आहे. पण रिंगा गेलेल्या असल्या तर ते गरम गाडीतही दिसतं : ऑइल कमी होत राहतं, रेस दिली की निळसर धूर येतो, चढाला गाडी मरते. ऑइल फिलरचं झाकण चालू इंजिनवर काढलं तर आतून भपकारे येतात. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. ऑइल टाकावं लागत असतं तर वडिलांनी नक्की सांगितलं असतं, त्या पिढीला डिपस्टिक बघायची सवय असते.

माझा पहिला संशय हीटरवर आहे. कागदोपत्री ग्लो प्लग, गॅरेजमध्ये हीटर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तीच ५०० अंशांपलीकडे तापते आणि त्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. तुमच्या इंडिकाचं इंजिन जुन्या पद्धतीचं, म्हणजे आयडीआय. त्यात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं. त्या कप्प्याच्या भिंती गार असल्या की दाबलेल्या हवेतली उष्णता त्याच खाऊन टाकतात. म्हणून त्या कप्प्यात हीटरचं टोक काढलेलं असतं. चावी फिरवली की ते लालभडक होतं, ८०० अंशांच्या वर जातं, आणि डिझेलला पेटायला निमित्त मिळतं. या इंजिनाला हीटर फक्त कडाक्याच्या थंडीत लागतात असं नाही, साध्या गार सकाळीही लागतात. शेजारचा स्विफ्ट डिझेलवाला म्हणेल की आमचे हीटर कधीचे बंद आहेत, तरी गाडी होते. त्याचं खरं असेल. त्याचं इंजिन कॉमन रेल, डिझेल थेट सिलिंडरमध्ये. त्याचं औषध तुमच्या गाडीला लागू नाही.

हीटर चार, सिलिंडरला एक. चारही एकदम जात नाहीत. एक जातो, कळतही नाही. दुसरा जातो, सेल्फ जरा जास्त लागतो. मग हिवाळा येतो. ‘खडखडत सुरू होते आणि मिनिटभराने शांत होते’ हे तुमचं वाक्य वाचून मला तेच चित्र दिसलं : दोन सिलिंडर पेटतायत, उरलेल्या दोघांत डिझेल न जळता पांढऱ्या धुराच्या रूपात मागून बाहेर पडतंय, इंजिन तापलं की तेही सामील होतात.

डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणून हीटर चांगले, असं समजू नका. तो दिवा टायमरवर चालतो. सर्व हीटर मेलेले असले तरी तो इमानदारीत लागेल आणि विझेल.

तपासणी दहा मिनिटांची आहे. चारही हीटरच्या डोक्यांना जोडणारी एक पट्टी असते, ती सोडवायची. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि टोक एकेका हीटरच्या डोक्याला लावायचं. दिवा लागला तर आतली कॉइल शाबूत, नाही लागला तर हीटर मेला. मग पट्टीवरच करंट येतोय का बघायचं, म्हणजे चावी फिरवून टेस्ट लॅम्प पट्टी आणि बॉडीमध्ये धरायचा. हीटर शाबूत निघाले आणि तिथे अंधार असेल तर दोष त्यांचा नाही. रिले किंवा त्याचा जाड फ्यूज गेलाय. या कामाला पैसे मागताना गॅरेजवाल्यालाच संकोच वाटेल, आणि बहुधा म्हणूनच कोणी ते सुचवलं नाही.

हीटर बदलायचे ठरले तर चारही बदला, एकाच कंपनीचे. आणि काढताना घाई करू देऊ नका. पंधरा-सोळा वर्षांच्या कार्बनमध्ये ते रुतलेले असतात. गार इंजिनवर पान्याला जोर लावला की टोक आतच तुटतं, आणि मग खरोखरच हेड उतरवावं लागतं. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा, इंजिन गरम करायचं, मग हलक्या हाताने मागे-पुढे करत काढायचे. ‘तुटला तर बघू’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

हीटर बाहेर आले की लगेच दुसरं काम उरकून घ्या, कारण भोकं उघडीच आहेत : त्याच भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, गेजने मोजायचं. गेज डिझेलचंच हवं. पेट्रोलच्या गेजचा काटा २० बारच्या आसपास संपतो, डिझेलचा दाब त्याच्या बराच वर असतो. पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढायची म्हणजे डिझेल येणार नाही, आणि बॅटरी पूर्ण चार्ज असताना प्रत्येक सिलिंडरवर सेल्फ मारून चार आकडे कागदावर लिहून घ्यायचे. किती असायला हवेत ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलात असतं, पण त्याहून महत्त्वाचं चौघांतलं अंतर. समजा तिघांत २८-२९ आणि एकात १९ आला, तर इंजिन खोलायची चर्चा सुरू करता येईल, आणि तेव्हाही रिंगाच कशावरून, वॉल्व्हची सीट असेल, गॅस्केट असेल. चारही जवळपास सारखे आणि मर्यादेत आले तर ४२ हजारांचा विषय तिथेच संपतो. गेज नसलेला माणूस धूर बघून इंजिन खोलायला निघाला, तर तो निदान करत नाहीये, अंदाज करतोय, आणि तोही तुमच्या खर्चाने.

हीटर चांगले निघाले तर? मग बॅटरी आणि हवा.

बॅटरीचं सोपं आहे. सेल्फ मंद फिरला की हवा नीट तापत नाही, कारण दाबायला जितका वेळ जास्त लागतो तितकी उष्णता निसटते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर १२.६ च्या आसपास दाखवायला हवा, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरायला नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी मायनसची वायर सोडवून खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने धुऊन काढा. इंजिनकडून बॉडीला आलेली अर्थिंगची पट्टीही बघा. तिचा नट गंजलेला असला की नवी बॅटरीही मरगळल्यासारखी वागते.

‘एअर धरणं’ हा दुसरा प्रकार. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीला बारीक चीर पडली की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल टाकीकडे मागे सरकतं आणि सकाळी पंप कोरडा. यावर घरच्या घरी करायची परीक्षा अशी : सेल्फ मारताना कोणाला तरी मागे उभं करा. धूर येतोय का? पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त जळत नाही. म्हणजे उष्णतेची भानगड. सेल्फ फिरतोय आणि मागून काहीच नाही, तर डिझेलच पोचत नाही. तुमच्याकडे धूर आहे. म्हणून मी हीटरला पहिलं आणि एअरला दुसरं स्थान देतोय. खात्री करायची तर एका सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरजवळचा हाताने दाबायचा पंप कडक होईपर्यंत दाबा. एका सेल्फला झाली तर चोर नळीत आहे. फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जुने फिटर हेच करतात.

डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला? आठवत नसेल तर बदलून टाका, आणि दर पावसाळ्यानंतर त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढत जा. आठवडाभर अर्धी टाकी ठेवून गाडी अंगणात उभी असते, टाकीत वाफ धरते, पाणी तिथूनच येतं.

तोवर काय करायचं नाही ते आधी वडिलांना सांगा. एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा नाही, ट्रॅक्टरवाले कितीही भरवशाने सांगोत. स्टार्टिंगचा स्प्रे तर मुळीच नको. आतला एखादा हीटर लाल असताना तो वायू नको तिथे, नको त्या क्षणी भडकतो आणि रिंगा खरोखर तुटतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं नाही. त्याने पंपाचं वंगण जातं. आणि धक्का मारून सुरू करणं बंद. त्याचं कारण पुढच्या परिच्छेदात आहे, आणि या अख्ख्या पत्रातलं तेच मला जास्त काळजीचं वाटतं.

टायमिंग बेल्ट, म्हणजे वॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, कधी बदलला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्विफ्ट डिझेलला चेन असते, तुमच्या इंडिकाला रबरी बेल्ट. तो तुटायच्या आधी आवाज करत नाही, धूर सोडत नाही, दिवा लावत नाही. चालत्या गाडीत तुटला की वॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतात. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यात जागाच नसते, त्यामुळे वाकलेले वॉल्व्ह ठरलेले. तेव्हा मात्र ४२ हजार हा स्वस्त आकडा वाटेल. बेल्ट किलोमीटरवरच संपतो असं नाही, वयावरही संपतो. कमी चालणाऱ्या गाड्यांत हीच फसगत होते : मीटर म्हणतो अजून वेळ आहे, रबर म्हणतं माझं झालं. धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की जुन्या, सैल बेल्टला तो झटका बसतो, एखादा दात निसटतो आणि टायमिंग बिघडतं. बिल सापडलं आणि ते मॅन्युअलच्या मुदतीत बसत असेल तर उत्तम. बिल सापडलं नाही, तर बदललेला नाही असं धरून चाला. बेल्टसोबत तो ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंगही नवीन घाला. जुन्या बेअरिंगवर नवा बेल्ट चढवणं ही कंजुषी महागात पडते. हे काम झाल्याशिवाय गाडी कसाऱ्याला नेऊ नका.

पंप-नोझलचं म्हणाल तर दुसरा गॅरेजवाला अगदीच चुकीचा नाही. १ लाख ३८ हजारांवर नोझल तपासून घ्यायला हरकत नाही. फवारा धुक्यासारखा सुटतोय की थेंब गळतोय, हे टेस्टिंगच्या मशीनवर दिसतं, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, नोझलच बनतात. त्या शहरात अस्सल नोझल आणि ती तपासून देणारा माणूस मिळणं अवघड नाही. पंप मात्र उगाच खोलायला देऊ नका. सील ओली दिसली, डिझेलचा वास आला तरच. एक ध्यानात ठेवा : तुमची गाडी शोरूममधून निघाली तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधक दर दशलक्ष भागांत ३५० ते ५०० भाग असायचं, १ एप्रिल २०२० पासून ते १० भागांवर आलं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, तो रिफायनरीत वेगळा घालतात, त्यामुळे जुन्या पंपांनी घाबरायचं कारण नाही. पेट्रोल पंपावर विकायला ठेवलेल्या बाटल्यांचीही गरज नाही.

घाटातल्या काट्याबद्दल. आधी विचारा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर आहे का? काटा चढला की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. काढला की घाटातला त्रास काही दिवस झाकला जातो, पण इंजिन हिवाळ्यात कधीच पुरतं तापत नाही : धूर वाढतो, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते. तुमच्या सकाळच्या दुखण्यालाही त्याने हातभार लागलेला असू शकतो. नवा बसवा, महाग वस्तू नाही. मग रेडिएटरकडे या. बाहेरून जाळीत किडे, कांद्याची पातीसुद्धा अडकलेली मी पाहिली आहे. आतल्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवा, प्रेशर पंप लावलात तर जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतील. निफाडला बोअरचं पाणी ओतत असाल तर ते थांबवा, त्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत चिकटतात. एकदा पूर्ण फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरा. फॅन वेळेवर लागतो का ते गाडी उभ्याने तापवून बघा. एवढं करूनही कूलंट कमी होत राहिलं किंवा बाटलीत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. आणि काटा वर असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे माहीत असलेली माणसंही घाईत उघडतात.

आता भाऊसाहेब. दिल्ली-एनसीआरमधल्या १० वर्षांच्या डिझेलच्या बातम्या ऐकून ते बोलतायत. तो भाग त्या परिसराचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची पंधरा वर्षं झाली की ती आपोआप भंगार होत नाही. पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीसाठी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली. गाडी वीस वर्षांची झाल्यावर आणखी वाढते. २००९ची गाडी म्हणजे तुमची मुदत २०२४लाच संपली असणार. वडिलांनी ते केलंय का, आरसीवरची तारीख बघा. केलं नसेल तर गाडी रस्त्यावर आणणंच चूक आहे, विम्याचा दावाही अडकेल. एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल.

भंगारात द्यायची की नाही, हा हिशोब चार कॉम्प्रेशनचे आकडे हातात आल्यावर करा. आकडे चांगले आले तर हीटर, बेल्ट, थर्मोस्टॅट, फिल्टर, कूलंट मिळून खर्च ४२ हजारांच्या बराच अलीकडे थांबेल आणि वडिलांची गाडी अजून काही वर्षं चालेल. आकडे वाईट आले तर भावाचं ऐका. या गाडीची आजची किंमत बघता तिच्यात नवं इंजिन घालण्यात अर्थ नाही, वडील कितीही रागावले तरी.

पीयूसीचं राहिलं. बीएस-४च्या आधीची डिझेल गाडी, त्यामुळे ती दर ६ महिन्यांनी लागते, आणि धुराची मर्यादा मशीनवरच्या ‘के’ आकड्यात २.४५ आहे. गार गाडी घेऊन सेंटरवर जाऊ नका. आधी पिंपळगाव टोलनाक्यापर्यंत चौथ्या गिअरमध्ये मोकळी पळवून आणा, इंजिन पूर्ण तापू द्या, सायलेन्सरमधली काजळी रस्त्यावरच झडू द्या, मग चाचणी करा. एअर फिल्टर त्याच्या आदल्या आठवड्यात बदललेला असावा.